अण्णांना बडाखान्याचा संशय

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं, आणि टीव्हीवर त्या लोकांचं परत जेवण चाललंय.

ते लोक म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीचे नेते. शिखर परिषदेला जमतात, ओळीत उभं राहून फोटो काढतात, मग मेजवानी.

वडूजजवळच्या आमच्या गावात याची फिकीर फक्त माझ्या वडिलांना होती.
कारण मी पोलंडमध्ये. वेअरहाऊसला. पलीकडे युद्ध चाललेली बॉर्डर गाडीने दीड तासावर.

अण्णा फौजेत स्वयंपाकी होते. बडेखाने किती रांधले, त्यांनाच ठाऊक. बडाखाना म्हणजे पलटणीचं मोठं जेवण; त्यात साहेब लोक स्वतःच्या हातानं जवानांना वाढतात.
अण्णांचा अनुभव असा, की साहेबानं आग्रह करून दुसऱ्यांदा मटण वाढलं की समजायचं, रजा कॅन्सल आणि सीमेवर न्यायला गाडी तयार.

त्यामुळे परिषद आली की त्यांचा व्हिडिओ कॉल ठरलेला. कोण कुणाला खुर्ची देतंय, कोण जेवत नाही, कोण उगाच पाठ थोपटतंय. सगळ्यांवर डाऊट.
बातम्यांत 'एकजूट' शब्द आला की यांचं बीपी वाढायचं.

"एवढं ग्वाड बोलत्यात म्हंजे कुनाला तरी फुडं धाडनार. तू ये बाबा माघारी."

मी हसायचो. म्हणायचो, अण्णा, मी इथं खोकी उचलतो, बंदूक नाही.
ते म्हणायचे, मी पण कणीकच मळत होतो, तरी नेलं.
मग मी विषय बदलायचो.

गेल्या वर्षी परिषदेच्या दिवशी मीच फोन केला. शिव्या खायच्या तयारीनं.

अण्णा शांत.
"औंदा काय न्हाई हुत. ब्येस चाललंय त्येंचं. तू कामाचं बघ. सुट्टी काढून येऊ नगंस."

मला इतकं हलकं वाटलं. रूममेटला सांगितलं, आमचे अण्णा सुधारले.

चौथ्या दिवशी अण्णा गेले.

नंतर कळलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितलं होतं. माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. मी सगळं टाकून धावत येईन, म्हणून अण्णांनी आईला मला न सांगण्याची शपथ घातली होती.

साऱ्या जगावर संशय घेणारा माणूस 'ब्येस चाललंय' म्हणतो, आणि मला शंका येत नाही. याचा राग येतो. त्यांचा थोडा, माझा जास्त.

आज परिषदेचा फोटो बघितला. सगळे हसतायत. मला त्यातलं राजकारण कळत नाही, पण विश्वास बसत नाही एवढं खरं.

मग आईला फोन केला. तब्येत कशी आहे विचारलं.
"माजं लय झ्याक हाय. तू नगं धावपळ करू."

फोन ठेवला आणि तिकीट काढलं. शुक्रवारी घरी पोचतोय.

अण्णा, मनापासून श्रद्धांजली. मला उशीर झाला, माफ करा.