आचऱ्याच्या विहिरीतला हिरवा रंग

आज मी इंजिनिअर आहे तो फर्नांडिस बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आचऱ्याच्या शाळेत बाई विज्ञान शिकवायच्या. आठवीत मी न केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवला, तेव्हा त्यांनी ते पानच फाडलं.

"जा दिसला, ताच लिही. कारण म्हायत नसात तर 'माहीत नाही' लिही. अर्धो मार्क देतलंय."

हे आधी सांगतोय, कारण भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही... पण मग हे काय होतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीला मालवण किनाऱ्यावरच्या एका शहराचं काम मिळालं. पाऊस लागला की तिथली सांडपाण्याची पाइपलाइन तुडुंब भरायची आणि चेंबरमधून घाण रस्त्यावर यायची. पावसाचं आणि जमिनीतलं पाणी पाइपात नेमकं कुठून शिरतं, ते आम्ही शोधायचं. माझी पहिलीच नोकरी, अजून प्रोबेशनवर. पद्धत सोपी — पावसाच्या गटारात हिरवा रंग ओतायचा आणि सांडपाण्याच्या चेंबरपाशी थांबायचं. तिथे रंग दिसला, म्हणजे गळती सापडली.

सकाळी दहाला बाजारामागच्या गटारात रंग ओतला. बारा वाजले तरी चेंबरमध्ये रंग नाही. गटार जिथे समुद्राला मिळतं, तिथेही नाही!

चेंबरची झाकणं उघडणारे आमचे दाजी हसायला लागले. "सायबानू, आधी देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया होता. आता शोधा, रंग गेलो खंय तो."

तेवढ्यात फोन वाजला. बाई.

"अरे, माझ्या बावीत सरबत कोणी ओतल्यान? पाणी हिरवागार झालाहा. तू पाण्याचो इंजिनिअर मा? येऊन बघ."

या कामाबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तशीच मोटरसायकल काढली आणि आचरं गाठलं. मध्ये खाडी, बाईंची विहीर चढावर... आमचा रंग तिथे पोचणं शक्यच नाही. पण कळशीत तोच चमकणारा हिरवा. बाटली भरून आणली, आमच्या मशीनवर तपासली. शेवाळ नव्हे, आमचाच रंग. कोणी थट्टा केली म्हणावं, तर रंगाच्या दोनच बाटल्या आणल्या होत्या; एक गटारात पूर्ण ओतलेली, दुसरी सीलबंद. दुसऱ्या दिवशी विहीर नितळ. मी भरून आणलेलं पाणी मात्र अजून हिरवंच आहे.

साहेब म्हणाले, "विहिरीचं रिपोर्टमध्ये लिहू नकोस. लोक हसतील. तुला कन्फर्म व्हायचंय ना?"

व्हायचं होतंच. घरी आईने शेजाऱ्यांना पेढेसुद्धा वाटले होते. पण बाई एकट्या राहतात, त्याच विहिरीचं पाणी पितात. मी लिहिलं नसतं तर ते पाणी तपासायला कोण गेलं असतं? दोन दिवस रिपोर्ट बॅगेतच ठेवला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट दिला आणि बाईंना हे पत्र टाकलं —

"आदरणीय बाई, सादर नमस्कार. तुमच्या विहिरीची नोंद मी रिपोर्टमध्ये केली आहे. साहेबांनी अजून सही केलेली नाही. माझ्या नोकरीचं काय होईल, सांगता येत नाही. त्या दिवशी सांगितलं तसं, तपासणी होईपर्यंत कृपा करून ते पाणी पिऊ नका, शेजारच्या नळाचं आणा. जे दिसलं, तेवढंच लिहिलं आहे. 'कारण' या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. इथे कोणी देणार नाही, तुमच्याकडचा अर्धा मार्क तेवढा द्या.
तुमचा विद्यार्थी."