मागच्या दाराची फरशी

आमची सरजामावशी बांधकामावर बिगारी होती. सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, घमेली वाहायची, फरशी बसली की ओल्या पोत्यानं पुसायची. परभणीच्या बंगल्यांवर तीस वर्षं तिनं हेच केलं. म्हणून आमच्या झरी गावात तिला सरकारी घरकुल मंजूर झालं तेव्हा गावाला वाटलं, म्हातारी चार भिंती उभ्या करून गप पडेल. माणसं ओळखण्यात आमचं गाव लय कच्चं हाय, हे मी पहिल्यापासून म्हणते.

घर दोनच खोल्यांचं. पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर आणि त्याला मागचं दार. गिलावा झाला त्या दिवशी मावशीनं ओळंबा घेऊन एकूण एक कोपरा तपासला. लाईटची बटणं दाराआड जायलती, ती उखडून सहज हात पोचेल अशा जागी बसवायला लावली. भिंतींना सगळीकडं एकच रंग, ताकासारखा पांढरा. शेजारच्या व्यंकटरावांनी आपल्या बैठकीला तीन रंग दिलेत आणि छताला लाल-निळे दिवे लावलेत. ते सांगायला आले की घराला थोडी शोभा पाहिजे, सोनेरी नक्षीची फरशी घ्या. मावशी म्हणाली, नक्षी वाकडा सांधा झाकायला असती, माझे सांधे सरळ येणार हायत. व्यंकटराव पुन्हा सल्ला द्यायला फिरकले न्हाईत. बरंच झालं, त्यांचा चहा मलाच करावा लागायचा.

तिनं साधी शहाबादी फरशी आणली. बसवायला भुजंग मिस्त्री. ह्याच्याच हाताखाली मावशीनं दहा वर्षं माल दिलेला. आता फरशी काही खोलीच्या मापानं येत न्हाई, कुठंतरी कापून तुकडे बसवावेच लागतात. मिस्त्री लोकांची रीत अशी की पुढच्या दारापासून अख्ख्या फरश्या लावत जायचं आणि तुकडे मागच्या दाराला काढायचे. मावशी त्या दिवशी गंगाखेडला सोयऱ्याकडं गेली होती. भुजंगानं रीतीप्रमाणं दोन्ही खोल्या उरकल्या.

संध्याकाळी मावशी आली, चप्पल बाहेर काढून सरळ मागच्या दारापाशी गेली. उंबऱ्याला लागून चार-चार बोटांच्या तुकड्यांची ओळ. ती म्हणाली, स्वयंपाकघरातली फरशी सगळी उचल.

भुजंग आधी हसला. मग तापला. मोठमोठ्या बंगल्यांत असंच केलं, कुणी ब्र काढला न्हाई, आणि घरकुलाला एवढा तोरा? मागचं दार बघतंय कोण? उचलायचंच असलं तर दुसरा मिस्त्री बघा म्हणाला, आणि थापी पिशवीत टाकली. पौर्णिमेला घरात बुद्धवंदना ठेवलेली, ती चार दिवसांवर. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मावशीला म्हटलं, जाऊ दे, वर पायपुसणं टाकू. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

तिनं पहार घेतली आणि पहिला तुकडा उचकटला. माल ओला होता, लगेच सुटला. मग पहार टेकवून ती बोलली.

"भुजंगा, आपण किती बंगले बांधले रे? घर पुरं झालं की मालकीण म्हणायची, बाई, मागून ये. पाणी मागायला मागून, मजुरीला मागून. तीस वर्षं मी तुकड्यांवरूनच आत गेले. तू म्हणतोस, मागचं दार कुणी बघत न्हाई. मी बघत होते."

भुजंगानं पिशवीतून थापी परत काढली आणि विचारलं, "मावशी, मग तुकडे कुठं घेऊ?"

तिचं ठरलेलंच होतं. दोन्ही दारांपासून अख्ख्या फरश्या सुरू करायच्या, तुकडे मधल्या भिंतीला येतील, तिथं धान्याच्या कोठ्या उभ्या राहतील. माल तिनं स्वतः कालवून दिला. दोन दिवसांनी रुपयाचं नाणं घेऊन फरशी न् फरशी वाजवून बघितली. एकही पोकळ बोलली न्हाई.

पौर्णिमेला वंदना झाली, खिरीला सगळी वस्ती आली. जो तो म्हणे, घर लय ऐसपैस वाटायलंय, पण कशानं ते कुणाला सांगता येईना. गर्दीत मावशीच्या जोडीनं घमेली वाहिलेली सगुणाबाई आली, ती सवयीनं मागच्याच दारानं. आत पाय टाकला आणि थबकली. खाली बघितलं. वाकून फरशीवर हात फिरवला.

"अख्खी हाय की गं," ती म्हणाली.

मावशीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ते पुसायचे सोडून ती खीर वाढायला लागली. मग दोघींनी मागच्या दारातच मांडी घालून खीर खाल्ली, आणि पुढच्या दारानं आलेल्या पाहुण्यांना वाढायचं काम माझ्यावर पडलं.