किल्ल्याभोवती पाणी भरतं तेव्हा

मंडळी, मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून टाइप करते. तिने मधे स्वतःचं काही घुसडलं तर मला कळायचं नाही, तुम्हीच सांभाळून घ्या.

आज सकाळी नात मैत्रिणींबरोबर कोकणात गेली. समुद्रातल्या किल्ल्यावर तंबू ठोकून राहणार म्हणे. "आजी, ओहोटीला चालत जाता येतं," म्हणाली.

आणीबाणीच्या आसपास आम्हीही तसेच गेलो होतो. आम्ही मोशीची माणसं, पाणी चढतं ते इंद्रायणीला पूर आला की, एवढंच ठाऊक. कोरड्या वाळूवरून किल्ल्यात गेलो, ताडपत्री बांधली. आमचे हे कळशी घेऊन गोडं पाणी आणायला किनाऱ्यावर गेले.

उन्हं कलली आणि बघते तर वाळूची वाट गायब. आभाळ कोरडं, तरी पाणी चढतंय! हे डोक्यावर कळशी घेऊन छातीभर पाण्यातून येत होते.

मी तटावरून ओरडले, "आवो, धरण सोडलंय कुणीतरी! माघारी फिरा!"

एक लाट आली. मग नुसती कळशीच पाण्यावर दिसली.

एका कोळ्याने ह्यांना होडीत ओढून घेतलं. मला म्हणाला, "बाय, समुद्राला कसलं धरण?" हे ओलेचिंब हसत होते. मला अजून हसू आलेलं नाही.

नातीचा फोन दुपारपासून लागत नाही. "रेंज नसेल," असं सून म्हणते आणि टाइप करायचं थांबवून पुन्हा फोन लावते.

तुमच्यात कुणी किनाऱ्याकडचं असेल तर एवढंच सांगा, आज भरती किती वाजता आहे?