कापडाचा आहेर नाही

रत्नाबाईंचं शिवाजीनगरात शिवणकामाचं दुकान होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. बोली मराठी, पण मधूनमधून कन्नड डोकावायचंच. राजाजीनगरच्या घरी नळाला पाणी बेताचंच. तांदूळ धुतलेलं पाणीही त्या झाडांना घालायच्या आणि आपण पाणी जपतो, असं समजून निर्धास्त असायच्या.

शहाण्णव साली धाकटी बहीण मथुरा आजारी पडली म्हणून त्या बोम्मसंद्राजवळच्या तिच्या गावी गेल्या. घरामागची विहीर ठणठणीत कोरडी. शेजारी कापड रंगवायचा कारखाना आला होता. त्यानं खोल बोअर मारली, तेव्हापासून विहिरीचं पाणी उतरलं ते पुन्हा चढलंच नाही. कारखान्याच्या गटारातून मात्र निळं पाणी अखंड वाहत होतं.

मथुरा म्हणाली, “अक्का, तू तिकडं बादल्या वाचवतेस. पण तुझ्या दुकानातलं कापड कुणाची तरी विहीर पिऊनच येतं. शेतात कापसानं पाणी प्यालं, ते वेगळंच.”

हे रत्नाबाईंच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या वैशाखात त्यांच्या मुलीचं, रम्याचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाचे काका जयसिंगराव मानपानाचं बोलायला आले. झाडून साऱ्या नातलगांना साड्या, शर्टपीस, टॉवेल-टोपी हवी होती. आहेरातलं कापड कुणी अंगाला लावत नाही, ट्रंकेत पडून कुजतं, हे रत्नाबाईंनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं, कापडाचा आहेर देणार नाही, घेणारही नाही. नवरी माझाच शालू नेसेल.

त्यांचे यजमान उमाजी गडबडले. स्वल्प सांभाळून घे, म्हणून विनवू लागले.

जयसिंगराव ताठ झाले. “म्हणजे आम्हाला मान नाही?”

“मान हवा तेवढा घ्या, अण्णा. पंगतीत पहिलं पान तुमचं. पण कुणाची विहीर आटवून मी कुणाचा मान राखणार नाही.”

मग सोयरिकीचा फेरविचार करावा लागेल, असं ते म्हणाले. तेवढ्यात रम्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. “करा. आईचं म्हणणं तेच माझं.”

ते तरातरा निघून गेले. घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी नवरा मुलगा प्राणेश स्वतः आला आणि लग्न ठरल्या मुहूर्तावर होईल, एवढंच सांगून गेला.

लग्न झालं. जयसिंगरावांनी अक्षता टाकल्या आणि न जेवताच गेले. मांडवात कुणी कंजूष म्हणालं, कुणी विक्षिप्त. रत्नाबाईंनी ते ऐकलं, पदर खोचला आणि वाढायला घेतलं.

दुकानातही त्या जुने शालू उसवून परकर-पोलकी शिवू लागल्या, शर्टांच्या कॉलरी उलटवू लागल्या. काही गिऱ्हाइकं तुटली, काही नवी आली. मथुराची विहीर काही भरली नाही, आणि रत्नाबाईंचा हेकाही सुटला नाही.

वर्षभरानं जयसिंगरावांकडे लग्न निघालं. बोलावणं आलं, तशा रत्नाबाई गेल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. जयसिंगरावांच्या बायकोनं मुद्दाम चारचौघींसमोर भारी साडीनं ओटी भरायला घेतली. सगळ्या बायकांचे डोळे रत्नाबाईंवर खिळले. त्यांनी हळदकुंकू लावून घेतलं, नारळ ओटीत घेतला आणि साडी शांतपणे ताटात परत ठेवली.