दोन हजार अर्ज आणि आमची सायली

गेल्या जूनमधल्या एका मंगळवारी, दुपारी बरोबर सव्वाचार वाजता, रेवदंड्याच्या कुमारी सायलीवर घोर अन्याय झाला. अन्याय करणारा ना सरकारचा माणूस होता, ना कॉलेजचा. तो तिचा सख्खा भाऊ होता आणि विद्यार्थ्यांच्या हक्कांची पत्रकं लिहिणं हा त्याचा धंदाच होता. म्हणजे मी.

सायली दहावी झाली होती. तिला अलिबागच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जायचं होतं, कारण तिथे इलेक्ट्रॉनिक्स मिळतं. हे खूळ नव्हतं. बाबांच्या होडीवरचा, मासे कुठे आहेत ते दाखवणारा बंद पडलेला फिशफाइंडर तिने नववीतच स्वयंपाकघरात उघडून दुरुस्त केला होता. (दोन स्क्रू उरले. यंत्र अजून चालतंय!)

आमच्या विद्यार्थी हक्क समितीतर्फे मी जाळी विणायच्या शेडमध्ये मोफत अर्ज-शिबिर भरवलं. चाळीस पोरं आली. ऑनलाइन अर्जात पसंतीक्रमाने दहा कॉलेजं लिहिता येतात. मी गरजलो, "दहाच्या दहा भरा! हक्क सोडायचा नाही!" ज्यांना दोनच हवी होती, त्यांनाही दहा भरायला लावली. एकीला आर्ट्सला जायचं होतं, तिलाही चार सायन्सची लावली!

मग सायलीचा अर्ज भरायला बसलो आणि अलिबागचा आकडा पाहिला. जागा एकशेवीस, अर्ज दोन हजार! भागाकार केला. शंभरातले सहा! माझं रक्त खवळलं.

"दादा, मला मार्क चांगलेत," सायली म्हणाली.

"मार्कांनी काय होतं? आकडा बघ! व्यवस्था तुला चिरडणार आहे! खाडीपलीकडचं कॉलेज पहिलं टाक. तिथे शंभरातल्या चाळिसांना मिळतं."

"तिथे इलेक्ट्रॉनिक्स नाही."

"प्रवेश तरी आहे!"

मी तिच्या हातातला माउस घेतला आणि क्रम फिरवला. सव्वाचार वाजले होते.

त्यानंतर पाचशे पत्रकं काढली. 'शंभरातल्या चौऱ्याण्णव लेकरांनी जायचं कुठे?' एसटी स्टँड, बर्फाचा कारखाना, माशांच्या लिलावाचा ओटा, कुठे म्हणून लावायचं ठेवलं नाही. लोकांनी पाठ थोपटली. काही पोरांनी तर घाबरून रातोरात क्रम बदलले!

यादी लागली. सायलीला पहिली पसंती मिळाली, म्हणजे खाडीपलीकडचं कॉलेज. नियम असा की पहिली पसंती मिळाली की ती घ्यायचीच. नाही घेतली, तर शेवटच्या खुल्या फेरीपर्यंत बाहेर बसायचं. आणि अलिबागच्या यादीतल्या शेवटच्या मुलाला सायलीपेक्षा बावीस मार्क कमी होते!

"घोटाळा!" मी ओरडलो आणि दुसरं पत्रक लिहायला बसलो. आई बाजारातून येऊन पाटी धूत होती. ती मासे विकते, भागाकार करत नाही.

"काय रं, शेडीत पोरं किती व्हती?"

"चाळीस."

"आनि अर्ज?"

"चारशे."

"बाजारात एक बाई माझी कोलंबी दाबून बगते, मंग शेवंतीची, मंग हौशीची. धा पाट्यांना हात लावते, घेते एकीकडं. म्हून गिऱ्हाइकं धा झाली व्हय रं?"

मी कॅल्क्युलेटर काढला. परत खिशात ठेवला.

"आनि ही काय सोडत हाय, चिठ्ठ्या उचलायची? पोरीचं मार्क सोडून शंभरातलं सहा कसलं मोजतोस?"

सायलीने तेवढ्यात मोबाइल पुढे केला. दोन हजारांच्या शेजारच्याच रकान्यात लिहिलं होतं, 'पहिली पसंती : एकशेसाठ'. शेजारच्याच! मी पत्रकं लिहितो, रकाने वाचत नाही.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. ती म्हणाली, "मी थांबते. खुल्या फेरीत एकच नाव लिहिणार."

"आणि जागा उरली नाही तर?"

"तर वर्ष जाईल. पण माउस माझ्याकडे."

सात आठवडे ती थांबली. बरोबरीच्या मुली दप्तर घेऊन एसटीत चढायच्या, ती दारातून बघायची. आणि मी दाराआड उभा राहून तिला बघायचो. मोर्चा काढावा तर कुणावर? दोषी घरातच दोन वेळा जेवत होता!

दहा-दहा ठिकाणी हात लावलेली पोरं आपापल्या कॉलेजात गेली आणि अलिबागला अकरा जागा उरल्या. सायलीचं नाव त्यांत चौथं लागलं. आईने पेढे आणले. पहिला सायलीला दिला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला. तोही मी सायलीलाच दिला.

आता तिच्या बुडालेल्या सात आठवड्यांच्या वह्या मी उतरवून देतो. पहिल्याच आकृतीत बॅटरी उलटी जोडली. सायली म्हणाली, "दादा, तू फक्त मराठीची वही घे हं." इतक्या प्रेमाने मला समितीतसुद्धा कुणी हाकललं नव्हतं!

म्हणून वाचकहो, एकच मागणी आहे आणि ती मान्य झालीच पाहिजे. पुढच्या जूनमध्ये तुमची लेक ज्या कॉलेजाचं नाव पहिलं घेईल, तेच पहिलं लिहा. आणि मोफत मार्गदर्शन करायला एखादा तरुण कार्यकर्ता दारात आलाच, तर त्याला ओटीवर बसवा, चहा द्या, आणि अर्ज भरून होईपर्यंत आत सोडू नका. मी बिनसाखरेचा घेतो!