नानीचा निवद

आमच्या नानीच्या दारातून उपाशी माणूस परत जाणं अशक्य होतं. वीजबिल वाटणारा दिसला तरी हिचा हात आधी भाकरीच्या टोपलीकडं. "जेवलास का?" असं ती विचारायचीच नाही. "हात धू," म्हणायची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. मला कळंबला आपल्या घरी नेताना ही माझी चुलती एवढंच म्हणाली होती म्हणे, "एका ताटात दोन पोरं जेवतील."

तोंड मात्र फाटकं. माझ्या बायकोची पहिली भाकरी बघून म्हणाली, "बया! नकाशा थापलास का काय?" पोरगी रडकुंडीला आली. संध्याकाळी नानीच तिच्या केसांना तेल लावत बसली होती.

एका बाबतीत मात्र चेष्टा चालत नसे. सोनारीच्या भैरोबाचा निवद डब्यात भरला, की तो देवाला दाखवेपर्यंत तिच्या तोंडात पाण्याशिवाय काही जायचं नाही.

मागच्या वर्षी ती दोनदा गॅस चालू ठेवून शेजारी गेली. पुण्याला असलेला तिचा मुलगा, आमचा दादा, म्हणाला, "धाराशिवजवळ वृद्धाश्रम बघितलाय. चांगलाय." मी मान डोलावली. आमच्या दोन खोल्या, दोघं नोकरीला. कारणं काय, ढिगानं असतात. तिला सांगितलं, सोनारीला जायचंय. गाडी मीच चालवत होतो. येरमाळ्यातनं धाराशिवकडं वळलो तशी म्हणाली, "बाळ्या, वाट चुकलास की रं."

"नवा रस्ता झालाय, नानी."

"व्हय?" म्हणून मांडीवरचा डबा धरून निवांत बसली. लिहितानाही लाज वाटते.

दादा परस्पर आश्रमात येऊन थांबला होता. म्हणाला, "देवळात लई गर्दी हाय, आई. तू हितं टेक. बाळ्या निवद दाखवून येईल." मग कागदांवर सह्या करून तो पुण्याला निघून गेला. तिथल्या बाईंनी ताट आणलं. नानीनं ते बाजूला सारलं. "निवद झाल्याबिगर न्हाय."

एवढ्या वयात उपाशी! मला राहवेना. डबा घेऊन मी खरंच सोनारी गाठली, नैवेद्य दाखवला आणि देवळाबाहेरून आश्रमात फोन लावला.

"दावला का रं?"

"दावला, नानी. आता जेव."

"जेवते की. पर तू बिगीनं ये मला न्यायला. म्या पिशवी सोडलीच न्हाय. येतूस न्हवं?"

मी "हो" म्हणालो. तेव्हा कुठं ती ताटावर बसली.