मामाआजोबांच्या गाण्यात हलगी का नाही

तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत, मामाआजोबांच्या बँडमध्ये एवढी वाद्यं, मग आपल्याकडची हलगीच का नाही? तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते.

आपल्याकडं मोठा दुष्काळ पडला, तेव्हा माझा हा धाकटा भाऊ पुण्या-मुंबईत रॉक गायचा आणि तिकिटांच्या पैशांतून इकडे चाऱ्याचे ट्रक पाठवायचा. नेकनूरजवळ सहकारी संस्थेची जनावरांसाठी चारा छावणी होती. माणसं जनावरांसोबत तिथंच राहत. संस्थेचे चेअरमन म्हणाले, "एक कार्यक्रम इथं घ्या. लोकांचं मन रमंल."

मी म्हटलं, "अरे, जनावरं बुजतील तुझ्या आवाजानं."

"अक्का, सुरुवात हलगीनं करतो. ओळखीचा आवाज, कशाला बुजतील?"

आमच्या शेतात कामाला येणारी एक बाई नवऱ्यासह छावणीत होती. दसरा झाला की दोघं बैलजोडी गाडीला जुंपून ऊसतोडीला जात. जोडी तोवर जगली तर स्वतःची गाडी, नाही तर परक्या टोळीबरोबर ट्रकमध्ये. म्हणून आपल्या भाकरीतली अर्धी ती बैलांना घालायची.

हलगी वाजली आणि दावणीवरचे सगळे कान ताठ झाले. तिचा थोरला बैल कित्येक दिवस चौघांनी धरून उठवावा लागत होता. तो आपला आपण उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो हलगीच्या दिशेनं ओढ घेऊ लागला, दावं पायात अडकलं आणि बैल कुशीवर कोसळला. खुबा निखळला होता. छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली.

भाऊ धावत आला. "भ्याला का हो?"

"भ्याला न्हाई, दादा," बाई बैलाच्या तोंडावरची माती पुसत म्हणाली. "ह्या साली पोळा न्हाई केला आमी. झूल न्हाई, पुरणपोळी न्हाई. हलगी ऐकून त्याला वाटलं, आला."

बैल गेला. उरलेला एकटा काय कामाचा? तो बाजारात दिला.

भावाचे चाऱ्याचे ट्रक येतच राहिले. दसऱ्यानंतर टोळीचा ट्रक गावातून निघाला, तेव्हा तो माझ्यासोबत निरोपाला आला होता. बाई वर चढली. नवऱ्यानं खालून गाठोडी दिली, पातेली दिली आणि शेवटी गाडीचं जू दिलं.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"तिकडं उसाच्या फडात थंडी लई आस्ती, बाई. जाळायला हुईल."

भावानं हात पुढं केला आणि जू वर चढवायला मदत केली.